फेरारीनं स्वस्तातली गाडी काढली तर बिघडलं कुठं?

आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्री लाइनमधल्या, म्हणजे धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांतल्या, पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद ठरलेला आहे. कोणीतरी फेरारीचा व्हिडिओ टाकतं, दुसरा खाली किंमत टाकतो आणि तिसरा हमखास विचारतो की अरे एवढं मोठं नाव, एवढी टेक्नॉलॉजी, मग ह्यांनी एक ४०-५० लाखांची गाडी काढायला काय जातंय ह्यांच्या बापाचं? कावळा नाक्यापर्यंत रांग लागेल की. मग त्यावर शंभर मेसेज पडतात आणि शेवटी कोणीतरी मिसळीचा फोटो टाकून विषय संपवतं.

पण प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाहीये. जवळपास प्रत्येक मोठ्या स्पोर्ट्स कार कंपनीनं कधी ना कधी हा प्रयोग करून बघितलाय, काही त्यावर तरल्या, काहींनी हातची इज्जत घालवली, आणि कोण तरलं कोण बुडालं ह्यामागं बऱ्यापैकी कारणं आहेत, नशिबाचा खेळ नाही. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधीच सांगतो, ह्या धंद्यात ‘स्वस्त’ म्हणजे तुम्हाआम्हाला परवडणारं नव्हे. एंट्री-लेव्हल म्हणजे त्या कंपनीची सगळ्यात खालची पायरी, बास. पोर्शची ७१८ केमन २०१७ साली भारतात आली तेव्हा ८१ लाखांच्या वर होती, आणि फेरारीची खालची पायरी २०१८ मध्ये आपल्याकडं साडेतीन कोटींच्या आसपास सुरू होत होती. ही एक्स-शोरूम किंमत हं, आरटीओ आणि इन्शुरन्स अजून वेगळाच.

आधी खर्चाचं बघू

शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत ज्यांनी काम केलंय त्यांना हे शिकवायला नको. नवीन कास्टिंगची, म्हणजे ओतीव पार्टची, ऑर्डर आली की पहिला चांगला पीस बाहेर पडायच्या आधीच पॅटर्न, कोअर बॉक्स, मशीनिंगचं फिक्स्चर, गेज, ट्रायलचे पीस, सॅम्पल अप्रूव्हल ह्यात पैसे जाऊन बसलेले असतात. पार्टी महिन्याला दहा हजार पीस उचलणार असेल तर हा खर्च प्रत्येक पीसवर चिल्लर पडतो, कोणी बोलत पण नाही. आणि वर्षाला दोनशेच पीस लागणार असतील तर आपण सरळ सांगतो की साहेब, टूलिंगचे, म्हणजे ह्या सगळ्या साच्या-साधनांचे, पैसे वेगळे द्या.

गाडीचं हेच गणित फक्त शून्यं वाढवून. नवीन इंजिन, नवीन गिअरबॉक्स, बॉडीच्या डाय, प्रत्येक देशाचं एमिशन सर्टिफिकेट, क्रॅश टेस्ट. क्रॅश टेस्टच्या भिंतीला तुम्ही वर्षाला पाचशे गाड्या विकता का पाच लाख ह्याच्याशी काही घेणंदेणं नसतं, गाडी तेवढीच चेपायला लागते. समजा सगळं मिळून २००० कोटी रुपये गेले. त्या मॉडेलच्या आयुष्यात ५ हजार गाड्या खपल्या तर प्रत्येक गाडीवर ४० लाख नुसते डेव्हलपमेंटचेच. १ लाख खपल्या तर २ लाख. हा आकडा मी धरलेला आहे, कुठल्या कंपनीचा नाही, पण चक्र असंच फिरतं.

म्हणजे छोट्या कंपनीला दोनच वाटा. एकतर मोजक्याच गाड्या काढायच्या आणि प्रत्येकीवर दाबून पैसे घ्यायचे, नाहीतर खाली एक मॉडेल काढून तोच खर्च जास्त गाड्यांवर पसरवायचा. दुसरी वाट ऐकायला गोड वाटते, कारण त्यात कारखाना पण पूर्ण चालतो, डीलर पण खूश, आणि पस्तिशीतला गिऱ्हाईक आज खालची गाडी घेऊन पन्नाशीत वरची घेईल अशी आशा.

आता पहिल्या वाटेनं जाणाऱ्याचे आकडे बघा. २०२४ मध्ये फेरारीनं सगळ्या जगात १३,७५२ गाड्या दिल्या, फक्त. ऑपरेटिंग नफा साधारण १८९ कोटी युरो. सरळ भागाकार केला तर गाडीमागं १ लाख ३७ हजार युरो, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास रुपये. ह्यात एफ-वनची स्पॉन्सरशिप वगैरे इतर कमाई पण आलीये, त्यामुळं हिशोब ढोबळ आहे, पण अंदाज येतो. त्याच वर्षी पोर्शनं ३,१०,७१८ गाड्या दिल्या आणि ऑपरेटिंग नफा ५६४ कोटी युरो. गाडीमागं १८ हजार युरोच्या आसपास. म्हणजे फेरारीची एक गाडी नफ्यात सात-साडेसात पोर्शच्या बरोबरीची.

अजून एक गंमत. फेरारीच्या गाड्या आणि सुट्या भागांच्या उत्पन्नात साधारण पाचवा हिस्सा हा नुसत्या पर्सनलायझेशनचा असतो, म्हणजे शिलाईच्या दोऱ्याचा रंग, कार्बन फायबरचे पार्ट, खास पेंट असल्या चोचल्यांचा. ज्याला किमतीची फिकीर नाही तोच हे घेतो. जो माणूस ओढूनताणून, ईएमआय बसवून खालचं मॉडेल घेईल तो दोऱ्याचा रंग निवडत बसणार नाही, तो म्हणेल आहे ती द्या. म्हणजे स्वस्त मॉडेलमध्ये नुसती किंमतच कमी होत नाही, वरची मलई पण जाते.

मग विकतात तरी काय?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा किती दंगा झाला आठवतंय ना. नंतर डिसेंबरमध्ये त्यांनीच जाहीर केलं की महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २ हजार जोड करून घेणार, किंमत जोडामागं सुमारे ८०० युरो. पापाच्या तिकटीला, आपल्या चपलांच्या बाजारात, गेलं तर त्या पैशात अख्ख्या भावकीला चपला येतील. चामडं तेच, वेणी तीच, करणारे हात पण आपलेच. वरचे पैसे कशाचे? तर २ हजारच जोड आहेत आणि त्यावर ते नाव आहे, ह्याचे.

स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनिअरिंग खरंच असतं, ते नाकारायचं नाही. इटलीत मारानेल्लोला, फेरारीच्या गावी, तिची स्वतःची फाउंड्री आहे, इंजिनचे ॲल्युमिनियमचे ब्लॉक आणि हेड तिथंच ओततात, आपल्या लाइनच्या माणसाला तर बघूनच भरून येईल. पण एवढे पैसे नुसत्या कास्टिंगचे नसतात. दुसऱ्याला मिळत नाही, वेटिंग आहे, आणि उद्या विकायला काढली तर किंमत टिकते, ह्या तीन गोष्टींचे पण असतात. एन्झो फेरारीच्या नावावर एक धोरण सांगतात की बाजाराला जेवढ्या गाड्या हव्यात त्यापेक्षा एक कमी बनवायची. २०१३ मध्ये तेव्हाचे चेअरमन लुका दि मोंतेझेमोलो ह्यांनी तर उघड जाहीर केलं की वर्षाला ७ हजारांच्या आत राहायचं. पुढच्या वर्षी ते पायउतार झाले, त्यांच्या जागी सर्जिओ मार्किओने आले, २०१५ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात लिस्ट झाली आणि दहा वर्षांत आकडा जवळपास दुप्पट झाला. पण बघा, दुप्पट झाला तो किंमत पाडून नाही. मॉडेलं वाढवली, एसयूव्ही काढली, तिला पण ते एसयूव्ही म्हणत नाहीत हा भाग वेगळा, आणि ती पुरोसांग्वे एकूण उत्पादनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही असं आधीच ठरवलं.

सेकंडहँड किमतीचं लोक विसरतात. नवीन गाडीचा गिऱ्हाईक पैसेवाला असतो पण येडा नसतो. चार कोटींची गाडी तीन वर्षांनी साडेतीनला जात असेल तर त्याला ती पन्नास लाखांना पडली. तीच दोन कोटींवर आली तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या शोरूमला जाणार. कंपनीनं खालचं मॉडेल भरमसाट काढलं, डीलरच्या यार्डात गाड्या साचल्या, डिस्काउंट सुरू झाले, की सगळ्यात आधी जुन्या मालकांच्या गाड्यांची किंमत पडते, आणि जुने मालकच तर तुमचे पुढचे गिऱ्हाईक असतात.

मॅक्लारेनची गोष्ट बघा. २०१५ मध्ये त्यांनी स्पोर्ट्स सिरीज म्हणून ५७०एस आणि त्याखाली ५४०सी काढली, ही त्यांची खालची पायरी. गाड्या चालवायला एक नंबर, ह्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. २०१८ पर्यंत विक्री ४८०० च्या पुढं गेली. पण एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं मॉडेल इतक्या वेगानं यायला लागलं की काल घेतलेली गाडी आज जुनी, सेकंडहँड किमती धाडकन खाली. त्यात २०२० मध्ये कोविड, १२०० लोकांची कपात, पुढच्या वर्षी हेडक्वार्टर विकून भाड्यानं राहायची वेळ. सगळा दोष खालच्या मॉडेलवर टाकता येणार नाही, पण माल जास्त झाला हे खरंच.

पोर्शची गोष्ट, जरा सविस्तर

ह्या विषयात पोर्शएवढा अनुभव कोणालाच नाही. १९६४ मध्ये ९११, पोर्शची सगळ्यात ओळखीची गाडी, विकायला आली तेव्हा आधीच्या ३५६ पेक्षा ती बरीच महाग पडत होती, जुने गिऱ्हाईक तोंड फिरवायला लागले. तर १९६५ मध्ये ह्यांनी ९११ च्याच बॉडीत ३५६ चं चार सिलिंडरवालं इंजिन बसवून ९१२ काढली. सुरुवातीला तर ती ९११ पेक्षा जास्त खपली. मग १९६९ ला फोक्सवॅगनबरोबर मिळून ९१४. मग १९७६ ला ९२४.

९२४ ची कथा भारी आहे. हा प्रोजेक्ट मुळात फोक्सवॅगनसाठी होता, फोक्सवॅगननं अंग काढून घेतलं, पोर्शनं तो परत विकत घेतला. गाडी बनायची ऑडीच्या नेकार्सुल्मच्या कारखान्यात, इंजिन ऑडी-फोक्सवॅगन घराण्यातलं, आणि त्याच इंजिनाचं एक भावंड फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्ये पण होतं. झालं, लोकांनी बोंब ठोकली की पोर्शनं टेम्पोचं इंजिन टाकलंय. आजपण जुन्या पोर्शच्या शौकीनांत हा टोमणा चालतो. पण ती गाडी लाखाच्या वर खपली, तिच्यातूनच पुढं ९४४ आली, आणि ह्या पैशावर कंपनी त्या काळात उभी राहिली. टोमणे मारणारे टोमणे मारत बसले.

मग गडबड कुठं झाली? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. १९८६ ला पोर्श वर्षाला ५० हजारांच्या वर गाड्या विकत होती, त्यातल्या ढीगभर अमेरिकेत. डॉलर पडला, १९८७ ला शेअर बाजार कोसळला, आणि १९९३ पर्यंत विक्री १५ हजारांच्याही खाली. ह्यात खरी गोम अशी की कंपनी तेव्हा तीन वेगवेगळ्या गाड्या बनवत होती, ९४४ ची पुढची आवृत्ती ९६८, मोठी ९२८ आणि ९११. एकीचं इंजिन पुढं, एकीचं मागं, एक चार सिलिंडर, एक आठ, एक सहा. आपापसात जवळपास काहीच कॉमन नाही. म्हणजे वर जे टूलिंगचं गणित सांगितलं ते तिप्पट, आणि गिऱ्हाईक तिसरा हिस्सा.

तेव्हा वेंडेलिन व्हीडेकिंग नावाचा माणूस प्रमुख झाला, प्रॉडक्शनमधून आलेला. त्यानं टोयोटाच्या पद्धतीत तयार झालेले जपानी सल्लागार आणले. असेंब्लीच्या जागी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले स्पेअर पार्टचे रॅक होते, कामगार शिडी लावून पार्ट काढायचे. त्यातल्या एका सल्लागारानं व्हीडेकिंगच्याच हातात इलेक्ट्रिक करवत दिली आणि सांगितलं की १.३ मीटरच्या वरचं सगळं काप. आणि साहेबानं कामगारांसमोर स्वतः ते रॅक कापले. आपल्याकडं उद्यमनगरात एखाद्या मालकानं असं केलं तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल.

पण खरी करामत गाडीत होती. १९९३ च्या डेट्रॉइटच्या शोला बॉक्स्टरची कन्सेप्ट दाखवली, १९९६ ला गाडी बाजारात. आणि ही गाडी नवीन ९११ च्या, म्हणजे ९९६ च्या जोडीनं डिझाइन केली. दोघींची दारं, बॉनेट, पुढचा जवळपास सगळा भाग, हेडलाइट एकच. इंजिनं पण एकाच घराण्यातली. म्हणजे एकाच पॅटर्नवर दोन जॉब. मागणी एवढी आली की १९९७ पासून फिनलंडला वाल्मेट कंपनीकडं पण बॉक्स्टर बनवून घ्यायला लागले, आपल्या भाषेत जॉबवर्कला दिली. कंपनी वाचली.

फुकटात काही मिळत नाही मात्र. ९११ वाले चिडले, कारण ६५ हजार डॉलरच्या आसपासची गाडी घ्यायची आणि तोंड बघावं तर बॉक्स्टरचं. ते हेडलाइट तळलेल्या अंड्यासारखे दिसतात म्हणून लोकांनी त्यांना फ्राइड एग नाव पाडलं. २००४ ला पुढची ९११, म्हणजे ९९७, आली तेव्हा पोर्शनं गुपचूप गोल हेडलाइट परत आणले. पार्ट शेअर करा, पण समोरून दिसणारा शेअर करू नका, हे त्यांना तिथं कळलं.

दुसरी किंमत अशी की धाकट्याला मोठ्याच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. बॉक्स्टर आणि २००५ ला आलेली केमन, दोघींची इंजिनं मधोमध, म्हणजे वजनाचा समतोल ९११ पेक्षा सरळ चांगला, कारण ९११ चं इंजिन पार मागच्या चाकांच्याही मागं. कागदावर केमनला ९११ इतकी ताकद दिली असती तर तिनं ९११ ला खाल्लं असतं. म्हणून कितीतरी वर्षं केमनची हॉर्सपॉवर थोडी कमीच, असं शौकीन लोक म्हणतात आणि आकडे बघितले तर पटतं पण. २०१५ ला केमन जीटी४ मध्ये ९११ कॅरेरा एसचं ३.८ लिटरचं इंजिन घातलं तेव्हा दुनिया खूळ्यागत तिच्या मागं लागली. आणि पुढच्याच वर्षी ७१८ मध्ये, म्हणजे बॉक्स्टर-केमनच्या नव्या आवृत्तीत, साध्या मॉडेलला चार सिलिंडर टर्बो. ताकद वाढली, ३०० हॉर्सपॉवर, पण आवाज गेला. लोकांनी एवढी नाराजी दाखवली की २०१९-२० मध्ये वरच्या व्हेरिएंटला सहा सिलिंडरचं ४ लिटर इंजिन परत आणायला लागलं.

२००२ ला कायेन ही एसयूव्ही आली तेव्हा तर लोक म्हणाले पोर्श संपली, फोक्सवॅगन टुआरेगचा सांगाडा आणि वर पोर्शचा बिल्ला. २०२४ चे आकडे: कायेन १,०२,८८९, तिची धाकटी एसयूव्ही मकान ८२,७९५, आणि ९११ फक्त ५०,९४१. सहातली एक. बाकीच्या पाच गाड्यांनी ९११ ला पोसलंय असं म्हटलं तरी चालेल.

इटलीवाले

फेरारीनं पण खालची गाडी काढली होती, पण एन्झो फेरारी हा बेरकी माणूस, त्यानं तिच्यावर फेरारीचं नावच लावलं नाही. १९६७-६८ ची डिनो २०६ आणि मग २४६. डिनो हे त्याच्या १९५६ मध्ये वारलेल्या पोराचं नाव. बारा सिलिंडर म्हणजे फेरारी, आणि हिला सहाच, म्हणून वेगळा ब्रँड. शिवाय फॉर्म्युला टूच्या नियमासाठी ते इंजिन किमान ५०० गाड्यांत बसलेलं असायला लागत होतं, ते एकट्या फेरारीला जमणारं नव्हतं, म्हणून फियाटनं पण तेच इंजिन घेऊन स्वतःची फियाट डिनो काढली. गाडी फसली असती तर नाव डिनोचं खराब झालं असतं, फेरारीचं नाही. गाडी फसली नाही, आज जुनी डिनो २४६ कोट्यवधींना जाते. पुढची डिनो ३०८ जीटी४ पण आधी डिनो म्हणूनच विकली आणि १९७६ मध्ये तिला फेरारीचा बिल्ला लागला.

लॅम्बोर्गिनीनं सत्तरच्या दशकात उर्राको काढली, ९११ आणि डिनोला टक्कर द्यायला. डिझाइन छान, चार सीट, पण १९७३ चं तेलसंकट, कारखान्यात संपाची भानगड, मालक फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी स्वतःच हिस्सा विकून बाहेर पडलेला. सगळ्या मिळून आठशेच्या आतच गाड्या निघाल्या, १९७८ ला कंपनी दिवाळखोरीत. तीच कल्पना २००३ मध्ये गॅलार्डो म्हणून परत आली आणि दहा वर्षांत १४,०२२ गाड्या गेल्या. ह्याच्या आधी ही कंपनी वर्षाला दोन-तीनशे गाड्या काढायची, विचार करा. फरक एवढाच की १९९८ पासून मागं ऑडी उभी होती, पैसा, क्वालिटी, इलेक्ट्रिकल सगळं जर्मन शिस्तीत, आणि इंजिन? दहा सिलिंडर. म्हणजे खालचं मॉडेल काढलं पण चालू करताच गल्ली हादरली पाहिजे ह्यात तडजोड नाही.

आता उलटं उदाहरण, मासेराती. १९८१ ला आलेली बिटुर्बो. त्या काळात मासेरातीच्या मानानं स्वस्त, दिसायला शांत, आणि सुरुवातीला खपली पण जोरात. पण घाईघाईत बनवलेली, कार्बोरेटरवाल्या गाड्या गरम व्हायच्या, फिटिंगच्या तक्रारी, आणि अमेरिकेत नाव असं खराब झालं की नव्वदच्या सुरुवातीला कंपनीनं तिथून काढता पाय घेतला. मग ह्यांनी तीस वर्षांनी तोच खेळ परत मांडला. २०१३ ची गिब्ली, २०१६ ची लेव्हान्ते, वर्षाला ५० हजार गाड्यांचं टार्गेट. आतले काही स्विच आणि टचस्क्रीनची सिस्टीम क्रायस्लरच्या घरातली. २०१७ ला टार्गेटच्या जवळ पोचले पण. आणि २०२४ ला? ११,३००. वर्षभर आधी २६,६०० होते. ज्या माणसानं एवढे पैसे मोजलेत त्याचा हात रोज त्या स्विचवरच जातो हो, इंजिन कितीही फेरारीच्या घरचं असलं तरी.

आणि सगळ्यात कडी म्हणजे ॲस्टन मार्टिन सिग्नेट. २०११ मध्ये ह्या लोकांनी टोयोटा आयक्यू नावाची, आपल्या नॅनोपेक्षाही आखूड अशी गाडी घेतली, पुढं आपली जाळी बसवली, आत चामडं लावलं आणि ३० हजार पाउंडच्या वर किंमत लावली. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड मोजायचे नियम येत होते, मोठ्या इंजिनांच्या बरोबर एक छोटी विकली की सरासरी खाली. वर्षाला ४ हजार विकायच्या होत्या. ब्रिटनमध्ये दीडशेच्या आसपास गेल्या आणि २०१३ ला बंद. स्वस्त गाडी गिऱ्हाईक माफ करतो, स्वस्तात उरकलेली गाडी नाही करत.

मग फक्त वरच राहावं का?

तसं पण नाही. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, ती बघायला आपण लहानपणापासून मान उंच करून उभे राहतो. ते मेबॅक नाव मर्सिडीजवाल्यांनी २००२ मध्ये परत जिवंत केलं, एकदम टॉपला, रोल्स-रॉइसच्या समोर, खाली काहीच नाही. दहा-अकरा वर्षांत जेमतेम ३ हजार गाड्या गेल्या आणि वेगळा ब्रँड म्हणून दुकान बंद. मग एस-क्लासच्याच वरचं मॉडेल म्हणून मर्सिडीज-मेबॅक आणली, सगळे मोठे पार्ट कॉमन, आणि ती चालली. नुसतं उंचावर बसून पोट भरत नाही, फेरारीसारखं पंच्याहत्तर वर्षांचं रेसिंग पाठीशी असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या रस्त्यावर दिसणारं उदाहरण हवं असेल तर बाइक बघा. हार्लेनं २०१४ मध्ये स्ट्रीट ७५० काढली, ४ लाखांच्या आसपास, हरियाणात बनलेली. नावावर लोक धावले, पण उघडी वायरिंग आणि ब्रेक ह्यावर रिव्ह्यूवाल्यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं, २०२० ला हार्लेनं भारतातला स्वतःचा कारखाना गुंडाळला. २०२३ मध्ये ट्रायम्फनं बजाजबरोबर स्पीड ४०० आणली, सव्वादोन लाखांना, चाकणला बनलेली. तिचं फिनिशिंग बघून मोठ्या ट्रायम्फवाल्याला लाज वाटत नाही. इंजिन छोटं आहे पण छोटं म्हणूनच डिझाइन केलंय, मोठ्यातून कापून काढलेलं नाही.

आता ग्रुपवरच्या त्या ४०-५० लाखांच्या स्वप्नाचं काय? समजा फेरारीला वेड लागलं आणि तिनं ६० लाखांत भारताच्या बंदरावर उतरणारी गाडी काढली. २०२५ च्या बजेटनंतरचा हिशोब धरला तर ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार आयात गाडीवर ७० टक्के कस्टम ड्युटी आणि ४० टक्के सेस, म्हणजे ११० टक्के. झाले १ कोटी २६ लाख. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी. १ कोटी ७६ लाख. डीलरचं मार्जिन, आरटीओ, इन्शुरन्स अजून बाहेरच आहेत. दोन कोटींच्या पुढं गेलीच म्हणा. म्हणजे आपल्या बाजूनं हा वाद निम्मा तरी मारानेल्लोचा नाही, कस्टमचा आहे.

माझं मत विचाराल तर फेरारीनं अजिबात काढू नये. तिला गरज नाही, गाडीमागं सव्वा कोट मिळतायत, मॉडेल वाढवून धंदा वाढतोय, खाली उतरून मिळणार काय? लॅम्बोर्गिनीनं पण नको, २०२४ ला त्यांच्या १०,६८७ गाड्या गेल्या, निम्म्याहून जास्त उरुस ही त्यांची एसयूव्ही, आणि उरुसचा सांगाडा ऑडी-पोर्शबरोबर शेअर केलेला, म्हणजे खर्च पसरवायचं काम वरच्या किमतीतच होऊन गेलंय. ॲस्टन मार्टिननं सिग्नेटनंतर ह्या वाटेला जाऊच नये.

पण पोर्शचं वेगळं. त्यांचा सगळा डोलारा पायऱ्यांवर उभा आहे आणि सध्या खालच्या पायऱ्याच निखळल्यात. युरोपात सायबर सिक्युरिटीचा नवा नियम आला म्हणून पेट्रोलची मकान २०२४ मध्ये तिथं विकणं बंद झालं, पेट्रोलच्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, आणि दोन्हींच्या जागी इलेक्ट्रिक आणायचा बेत होता तो गिऱ्हाईकांनी तेवढा उचलून धरला नाही. आता कंपनी परत मकानच्या साइजची पेट्रोल एसयूव्ही बनवतेय, ती यायला ह्या दशकाचा शेवट उजाडेल. तोपर्यंत पेट्रोलची दोन दारी नवीन पोर्श घ्यायची तर सुरुवातच ९११ पासून, आणि ज्या पस्तिशीतल्या पोराला बॉक्स्टर परवडली असती तो एकतर सेकंडहँड शोधणार नाहीतर बीएमडब्ल्यू एम२ च्या शोरूममध्ये जाऊन बसणार. एकदा तिकडं गेलेला माणूस पन्नाशीत परत येतो का, हे पोर्शला २०४० मध्ये कळेल.